प्रेक्षकांच्या रांगेतून

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाची लेखी प्रत)



संयोजकांनी आम्हांस प्रथम ‘हृदयविकार आणि आहार’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. मागील दोन संमेलनांत आम्ही त्याच विषयावर बोललो. दोन्ही वेळा भाषण संपताच आपण सर्व जण बाजूच्या दालनात जाऊन जिलेबीचा समाचार घेतलात, हे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यात आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा यंदा वैद्यकशास्त्राला विश्रांती द्यावी आणि ज्या विषयाचे आम्हांस आयुष्यभर वेड आहे त्यावर चार शब्द बोलावेत, अशी परवानगी आम्ही मागून घेतली. विषय आहे नाटकाचा, परंतु नाटककाराचा किंवा नटाचा नव्हे. नाटक पाहणाऱ्याचा.

नटाला चरित्रकार भेटतो, नाटककाराला समीक्षक भेटतो. जो मनुष्य पदरचे पैसे मोडून, आगगाडीची वेळ सांभाळून, अडीच-तीन तास काळोखात बसतो त्याच्याविषयी सहसा एवढेच लिहिले जाते की, प्रयोगास गर्दी होती किंवा नव्हती. वास्तविक त्यालाही अनुभव असतात, मते असतात, आणि कधी कधी जखमाही होतात.

येथे ‘आम्ही’ म्हणजे कोण, हेही सांगावयास हवे. लंडन आणि त्याच्या आसपासच्या गावांत राहणारी आमची सहा कुटुंबे आहेत. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक शाळामास्तर, एक रेल्वेतील हिशेबनीस आणि एक संगणकाच्या धंद्यातील गृहस्थ. 2001 सालापासून दर महिन्याला एक नाटक पाहावयाचे, कोणत्याही भाषेतील असो, आणि नंतर कोणाच्या तरी घरी भात-आमटी खाऊन त्यावर भांडावयाचे, असा आमचा परिपाठ आहे. एक टिपणवहीही ठेवलेली आहे. आज जे सांगणार आहोत त्यातील पुष्कळसे त्या वहीतले आहे. हा परिपाठ का सुरू झाला, ती हकीकत पुढे ओघाने येईलच.

नाटकाचे वेड आम्हांस कोठून लागले? मुंबईत ना. म. जोशी मार्गावरील बी. डी. डी. चाळीत आमचे बालपण गेले. वडील गिरणीत साचेवाले. ज्या नारायण मल्हार जोशींचे नाव आमच्या रस्त्याला होते त्यांनी 1911 साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळला दामोदर नाट्यगृह. 1922 सालापासून ते गिरणगावाचे नाटकघर होते. वडिलांच्या गिरणीत कामगारांचे नाट्यपथक होते आणि त्यात वडिलांकडे पडदा ओढण्याचे काम असे. नटाचे नाव जाहिरातीत छापले जाई, पडदा ओढणाऱ्याचे कोण छापणार? परंतु त्यांच्या मुलाला विंगेत लाकडी पेटीवर बसून नाटक पाहावयास मिळे, हा मान प्रमुख पाहुण्यांच्या मुलालाही नव्हता. आम्ही पाहिलेली पहिली दहा-बारा नाटके अशी बाजूने पाहिली. नटांचा एकच गाल दिसे. प्रेक्षक मात्र समोरून दिसत. पहिल्या पाळीहून सुटलेली, डोक्यात कापसाचे तंतू अडकलेली माणसे, मांडीवर लेकरे घेतलेल्या बायका. दुःखाच्या प्रसंगी त्या पदर डोळ्यांना लावीत आणि खलनायक आला की मागच्या रांगेतून कोणी तरी त्याच्या वडिलांचा उद्धार करी. नाटक म्हणजे समोरच्या माणसांच्या चेहऱ्यावर जे घडते ते, अशी आमची पहिली समजूत झाली. ती अद्यापि पुरती गेलेली नाही.

आजोबा मात्र या नाटकांना येत नसत. त्यांनी तरुणपणी भीमराव कर्डकांचे जलसे पाहिले होते. त्यांच्या मते खरा खेळ तोच, बाकी सारे रंगरंगोटी. जलशाला तिकीट नसे, खुर्ची नसे, पडदा नसे. मैदानात गॅसबत्ती टांगली की समाज जमे, आणि पाहणारा व खेळणारा यांत अंतर फक्त बत्तीच्या उजेडाचे. आजोबा म्हणत की, जलसा पाहून घरी परतलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी मुलाचे नाव शाळेत घातल्याचे त्यांनी पाहिले आहे. याहून मोठी दाद कोणत्या नाटकाला मिळाली असेल, हे आम्हांस ठाऊक नाही.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वेळी आम्ही बारा वर्षांचे होतो. संपाने काय काय गेले याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. त्यात एक ओळ आमची घालावी. वडिलांचे पथक बंद पडले. ज्यांनी ती नाटके केली आणि ज्यांनी ती पाहिली ती दोन्ही माणसे गावाकडे तरी गेली किंवा दिवसभर हातगाडी ओढून रात्री आठलाच झोपू लागली. प्रेक्षक हा सुद्धा एका पगारावर जगत असतो. दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी 2023 साली बंद झाले तेव्हा नाट्यकर्मींनी आवाज उठविला, ते योग्यच झाले. परंतु त्या नाट्यगृहाचा मूळचा प्रेक्षक त्याच्या चाळीस वर्षे आधीच उठून गेला होता.

वैद्यकीय महाविद्यालयात असताना आम्ही वसतिगृहातील खानावळीचे पैसे वाचवून नाटके पाहिली. दादरच्या शिवाजी मंदिरची बाल्कनी आणि मध्यंतरातील बटाटेवडा यांवर आमचे अर्धे शिक्षण झाले असे म्हटले तर चालेल. 1991 साली प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ आले. डॉ. श्रीराम लागू त्यात होते. हे मूळचे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, तेव्हा आम्हां विद्यार्थ्यांना त्यांच्याविषयी दुहेरी कौतुक. नाटकाचा विषय असा की, अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणाला इतर ब्राह्मण अपवित्र मानून दूर ठेवतात. लिहिणारा दलित समाजातील नाटककार. आमच्या पुढच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ होते. मध्यंतरात ते आपल्या पत्नीला हळूच म्हणाले, “आपल्याकडेही असंच होतं गं.” त्या बाईंनी काही उत्तर दिले नाही. वडाही खाल्ला नाही. ज्या व्यवस्थेने आम्हांस गावकुसाबाहेर ठेवले तिने आपल्याच घरातील माणसालाही दाराबाहेर उभे केले होते, हे आम्ही पुस्तकांतून वाचले होते. परंतु ते एका अनोळखी माणसाच्या तोंडून, बटाटेवड्याच्या वासात, ऐकणे निराळे. नाटकगृहात शेजारी कोण बसलेला आहे याला नाटकाइतकेच महत्त्व आहे, हे तेथे आम्ही शिकलो.

1997 साली आम्ही या देशात आलो. पहिल्या वर्षी इस्पितळाच्या रात्रपाळ्या आणि परीक्षा यांतून डोके वर काढावयास सवड नव्हती. पुढे हळूहळू येथील रंगभूमीची ओळख झाली. येथील शिस्त पाहून आम्ही दिपून गेलो. साडेसात म्हणजे साडेसात. उशिरा येणाऱ्यास द्वारपाल बाहेर थांबवितो, मग तो कोणी का असेना. मध्यंतरात वडा नाही, आइस्क्रीम. नाटकाची माहितीपुस्तिका विकत घ्यावी लागते. आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनाही काही थोडी दारे उघडी असतात. थेम्सच्या काठी शेक्सपिअरकालीन नमुन्यावर बांधलेले ग्लोब नाट्यगृह आम्ही आलो त्याच वर्षी सुरू झाले. त्याच्या उघड्या चौकात सुमारे सातशे माणसे उभी राहून नाटक पाहतात. कैक वर्षे त्या उभ्या जागेचे तिकीट पाच पौंड होते. पाऊस आला तर भिजावयाचे, कारण छत्री उघडण्यास बंदी. आमच्या आजोबांना हे नाट्यगृह आवडले असते.

आता ती हकीकत.

2000 साली आमची आई प्रथमच येथे आली. ती सातारा जिल्ह्यातील. चाळीस वर्षे मुंबईत काढूनही तिची बोली बदलली नव्हती, आणि बदलावी असे तिला कधी वाटलेही नाही. येथील एका शहरात मराठी मंडळींनी भारतातून नाटक बोलाविले होते. शहराचे नाव सांगत नाही, नाटकाचेही नाही. परदेशात मराठी नाटक, तेही आईबरोबर! आम्ही दीडशे मैल गाडी हाकून गेलो. आईने नवी इरकली साडी नेसली होती. सभागृह भरलेले, अत्तराचा आणि साबुदाण्याच्या खिचडीचा वास, जिकडे तिकडे आपली भाषा. आम्ही अक्षरशः सुखावलो.

नाटक विनोदी होते. दिवाणखाना, नवरा-बायको, गैरसमज, आणि एक घरगडी. घरगडी तोंड उघडी तेव्हा सभागृह हसे. त्याने काही विनोदी म्हणावे असेही नव्हते. “न्हाय जी”, “व्हय जी” एवढे म्हटले तरी हशा. आम्हीही हसलो. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण हकीकत सांगताना आपण हसलो नव्हतो असे भासविण्याचा मोह होतो. आम्ही पोट धरून हसलो. एकदा हसता हसता बाजूला पाहिले तो आई सरळ बसलेली. तिला वाटले आम्ही काही विचारीत आहोत, म्हणून तिने मान हलविली आणि पुन्हा समोर पाहू लागली.

परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मोटारमार्गावर आल्यावर ती म्हणाली, “त्यो गडी माज्यावानीच बोलत हुता की रं. मग मानसं हसत कशाला हुती?”

आम्ही वैद्यकाची पदवी घेतलेली आहे. माणसाला वाईट बातमी कशी सांगावी याचे शिक्षण घेतलेले आहे. त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या सहचारिणी म्हणाल्या, “नाटकच होतं ते, आई.” आई म्हणाली, “व्हय, नाटकच.” आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

पुढील आठवड्यात आम्ही आयोजकांना एक सभ्य पत्र लिहिले. पत्राचे उत्तर आले नाही, दूरध्वनी आला. बोलणारे गृहस्थ सौजन्यपूर्ण होते. त्यांनी विनोदाचे स्वरूप आम्हांस समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही लोक फार मनाला लावून घेता.” ‘तुम्ही लोक’ हे दोन शब्द त्यांनी कोणत्या अर्थाने वापरले हे त्यांचे त्यांना ठाऊक. आमचे आडनाव पत्राखाली होते. वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि आम्ही घातलाही नाही. आम्ही चार स्नेह्यांना जेवावयास बोलाविले आणि ही गोष्ट सांगितली. त्या जेवणात आमची नाटकमंडळी जन्मास आली.

त्या रात्री झालेला वाद वहीच्या पहिल्या पानावर आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, अशा नाटकांवर बहिष्कार घालावा, पैसा देऊन अपमान कशाला विकत घ्यावयाचा? दुसरा पक्ष म्हणाला की, विनोदाला असे तराजूत घातले तर रंगभूमीवर फक्त पंचांग वाचावे लागेल. शाळामास्तरांनी ‘वस्त्रहरण’चा दाखला काढला. गंगाराम गवाणकरांचे ते नाटक 1980 साली आले आणि मच्छिंद्र कांबळींनी ते गाजविले. त्यात तर सगळे मालवणी बोलतात आणि प्रेक्षक पहिल्यापासून शेवटपर्यंत हसतो. मग ते का चालते?

या प्रश्नावर आमची रात्र गेली. आमचे मत असे झाले, आणि आजही तेच आहे. ‘वस्त्रहरण’मध्ये बोली हा घरमालक आहे. खेड्यातील माणसे महाभारताचे नाटक बसवितात, त्यांची फजिती होते, त्या फजितीला आपण हसतो. बोली सर्वांची आहे आणि ती बोलणाऱ्याला अक्कल आहे, लबाडी आहे, राग आहे, स्वप्न आहे. पाहणारा मालवणी माणूसही पोट धरून हसतो, कारण तो स्वतःला ओळखून हसतो. दिवाणखान्यातील घरगड्याला मात्र बोलीशिवाय दुसरे काहीच दिलेले नसते. त्याला आई नाही, पगार नाही, दुसऱ्या अंकात त्याच्या बाबतीत काही घडत नाही. चहाचा ट्रे घेऊन येणे आणि ‘न्हाय जी’ म्हणणे एवढेच त्याचे आयुष्य. तेव्हा तक्रार हशाची नाही, तक्रार लिहिणाऱ्याच्या कंजूषपणाची आहे. बहिष्काराचा ठराव चार विरुद्ध सहा मतांनी नापास झाला. नाटक पाहावयाचेच, परंतु डोळे उघडे ठेवून, आणि एकट्याने नव्हे.

पुढे 2008 साली आई पुन्हा आली. मराठी नाटकाचा विषय आम्ही काढला नाही. तिनेच विचारले, “हितं नाटकं न्हाईत व्हय?” ग्लोबला त्या उन्हाळ्यात ‘किंग लिअर’ चालू होते. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. आम्ही तिला बाकावर जागा घेतली, भाड्याची उशी घेतली आणि मनात म्हटले, मध्यंतरात उठून जाऊ. उठणे दूरच, ती पुढे वाकून बसली. राजा वादळात उघड्या डोक्याने फिरू लागला तेव्हा वरून खरोखरच पाऊस पडत होता. आई म्हणाली, “जित्तेपनी वाटनी करून बसला म्हातारा. आपल्या बेलवलकरानं बी त्येच केलं हुतं.”

आमच्या अंतर्वासितेच्या पहिल्या विद्यावेतनातून आम्ही तिला ‘नटसम्राट’ दाखविला होता. कुसुमाग्रजांच्या त्या नाटकाचे लिअरच्या कथेशी असलेले नाते समीक्षकांनी उलगडून दाखविले आहे. आईने ते समीक्षक वाचले नव्हते. तिने म्हातारा पाहिला होता. राजाबरोबर हिंडणाऱ्या विदूषकाकडे बोट दाखवून ती म्हणाली, “त्यो खुळा एकलाच शाना दिसतोय. राजाला त्योच खरं सांगत असंल.” भाषा कळत नसताना हे तिने कसे ओळखले? ती म्हणाली, “बाकीची राजाच्या तोंडाकडं बगत्यात, त्यो न्हाय बगत.” तीस वर्षे नाटके पाहून आमच्या ध्यानात न आलेली ही गोष्ट आम्ही त्या रात्री वहीत लिहून ठेवली. त्या विदूषकालाही लोक हसत होते. आईही हसली.

2012 साली किलबर्नच्या ट्रायसिकल नाट्यगृहात ‘रेड व्हेल्वेट’ पाहिले. लोलिता चक्रवर्ती यांनी ते लिहिले आहे. आयरा ऑल्ड्रिज हा अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय नट. 1833 साली प्रख्यात नट एडमंड कीन कोसळल्यावर कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर त्याला ऑथेल्लोची भूमिका करण्याची संधी मिळाली. काळ्या माणसाची भूमिका काळ्या माणसाने करावी, यावर लंडनच्या वृत्तपत्रांनी विखारी लिखाण केले आणि दोन प्रयोगांनंतर त्याचा तेथील खेळ संपला. पुढे त्याने युरोपभर नाव मिळविले आणि 1867 साली पोलंडमधील वूच येथे त्याचा मृत्यू झाला. आमची कन्या त्या वेळी तेरा वर्षांची होती. आगगाडीत तिने विचारले, “त्या दोन रात्री थिएटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या ना? मग त्या लोकांनी तिसऱ्या दिवशी काय केलं?”

बंधुभगिनींनो, आमच्या मते नियमित नाटक पाहणाऱ्या माणसास विचारता येईल असा हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. टीकाकारांची नावे ग्रंथांत आहेत. टाळ्या वाजविणाऱ्यांची नाहीत. ते घरी गेले असावेत. आम्हीही त्या सभागृहातून हसून घरीच गेलो होतो.

याच्या उलट बाजूचाही अनुभव आहे. 2004 च्या डिसेंबरात बर्मिंगहॅम येथे गुरप्रीत कौर भट्टी यांचे ‘बेझ्ती’ हे नाटक जमावाच्या निदर्शनांमुळे बंद करावे लागले. आमची तिकिटे वाया गेली. आमच्यातील काहींचे म्हणणे पडले की, समाजाच्या भावना दुखावल्या तर त्याने उठावे, त्यात गैर काय? आम्ही त्यास सहमत नव्हतो. ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ या दोन्ही नाटकांवर 1972 नंतर काय काय प्रसंग आले ते महाराष्ट्राने पाहिलेले आहे. आईचा अपमान झाला तेव्हा आम्ही पत्र लिहिले, दगड उचलला नाही. नाटक वाईट असेल तर उठून जावे, लिहावे, आपले नाटक करावे. दुसऱ्याची खुर्ची मोडण्याचा अधिकार प्रेक्षकास नाही. या मतावर आमच्यातील एक सभासद तीन महिने रुसून बसले होते. आता ते येतात.

असो. विषय गंभीर झाला. थोडे आमच्या व्यवसायाकडे वळतो. नाटकगृहातील खोकला हा आमच्या अभ्यासाचा जुना विषय आहे. खोकला ही प्रतिक्षिप्त क्रिया खरी, परंतु तिच्यावर मेंदूचा अंमलही पुष्कळ चालतो. म्हणून नाटक रंगले की खोकणारे थांबतात आणि सैल पडले की चारी कोपऱ्यांतून खोकला सुरू होतो. नटाने टीकाकाराचे परीक्षण वाचू नये, जानेवारीतील प्रयोगाचा खोकला ऐकावा. दुसरे असे की, डॉक्टर असलेल्या प्रेक्षकाचे नाटक पुरे होईलच याची खात्री नसते. एकदा दुसऱ्या अंकाच्या ऐन रंगात वरच्या सज्जात एक वृद्ध गृहस्थ बेशुद्ध पडले. दिवे लागले, विचारणा झाली, आम्ही धावलो. नाडी मंद होती, परंतु नियमित. पाय उंच करताच त्यांनी डोळे उघडले. रिकाम्या पोटी रांगेत तासभर उभे राहण्याचा परिणाम. शुद्धीवर येताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तिने त्याला माफ केलं का?” रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही त्यांना उरलेल्या कथेचा आमच्या कल्पनेने शेवट सांगितला. तो साफ चुकीचा होता, हे नंतर कळले.

मोबाइलविषयी काय बोलावे? या रोगावर अद्याप लस नाही. फुकट पासांविषयी मात्र बोललेच पाहिजे. आपल्या मराठी कार्यक्रमांत, मग तो कोणत्याही मंडळाचा असो, पुढच्या दोन रांगा ‘मान्यवरां’साठी राखून ठेवण्याची चाल आहे. मान्यवर उशिरा येतात, मध्येच जातात, आणि सबंध पहिला अंक नट रिकाम्या खुर्च्यांसमोर करतो. ज्यांनी पैसे दिले ते मागे, ज्यांनी दिले नाहीत ते पुढे. दिव्याखाली अंधार ठेवू नये म्हणून सांगतो की, हा दोष आपल्याही मंडळात आहे. अध्यक्ष महाशय हसत आहेत, त्याअर्थी त्यांना तो ठाऊक आहे.

तिकिटाच्या दराचीही चिंता आहे. लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांत चांगल्या जागेला शंभर पौंडांहून अधिक पडू लागले. परिचारिकेच्या पगारात चार जणांचे कुटुंब घेऊन तेथे कोण जाणार? 2009 सालापासून नॅशनल थिएटरने आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखविण्यास प्रारंभ केला, त्याने पुष्कळांची सोय झाली. आम्हीही जातो. परंतु तेथे खोकला ऐकावयास नट नसतो.

16 मार्च 2020 रोजी लंडनची नाट्यगृहे बंद झाली. त्या काळात आम्ही काय पाहिले ते येथे सांगण्याचा विषय नाही, आपल्यापैकी पुष्कळ जण त्याच इस्पितळांत होते. तिकडे महाराष्ट्रातील नाट्यगृहे मध्यंतरी काही महिने निम्म्या प्रेक्षकांवर चालून पुन्हा बंद झाली आणि 22 ऑक्टोबर 2021 रोजी परत उघडली. आम्ही प्रथम जेव्हा पुन्हा नाटकास गेलो तेव्हा दिवे मंद होताच आमच्यातील परिचारिका भगिनी रडू लागल्या. कारण विचारले तर म्हणाल्या, “एवढी माणसं एकत्र श्वास घेताना दोन वर्षांत पाहिली नव्हती.” त्या दिवशी नाटक सुमार होते. कोणी तक्रार केली नाही.

आणि 8 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले, 1915 सालापासूनचे ते नाटकघर. केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या. आम्ही तेथे आयुष्यात दोनदाच गेलो होतो. तरीही चित्रे पाहून घरचे जळाल्यासारखे झाले.

आई 2019 साली गेली. तिच्या ट्रंकेत ‘नटसम्राट’चे आणि ग्लोबचे, अशी दोन्ही तिकिटांची अर्धुके सापडली. दिवाणखान्याच्या त्या नाटकाचे अर्धुक नव्हते. कदाचित हरवले असेल.

आता एक निवेदन करून थांबतो. महात्मा जोतीराव फुले यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि ते छापले जाण्यास 1979 साल उजाडले. एका अडाणी कुणबी जोडप्यास जोशी कसा फसवितो आणि अखेर ती दोघे शिक्षणाकडे कशी वळतात, असा त्याचा विषय. त्यातही एक विदूषक आहे, आणि तो जोशाच्या तोंडाकडे पाहत नाही. येत्या जून महिन्यात याच सभागृहात आमची नाटकमंडळी त्या नाटकाचे जाहीर वाचन करणार आहे. कुणब्याच्या बायकोचा भाग आमची कन्या वाचील. तिचा जन्म येथलाच, मराठी बेताचे. परंतु आजीच्या बोलण्याच्या दोन ध्वनिफिती आमच्या घरी आहेत आणि गेले चार महिने ती त्या ऐकून सराव करीत आहे. परवा स्वयंपाकघरातून आवाज आला तेव्हा आम्ही क्षणभर जागच्या जागी उभे राहिलो.

खुर्च्या एकशेवीस आहेत. तिकीट तीन पौंड, लहान मुलांस एक. कोणालाही पास मिळणार नाही, कार्यकारिणीलाही नाही. पुढची रांग ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी मोकळी ठेवलेली आहे. वाचन बरोबर पाच वाजता सुरू होईल आणि त्यानंतर दार बंद होईल. खोकल्याच्या गोळ्या दाराशी ठेवू. मध्यंतरात वडे आहेत.